स्टँडासमोरची बिनडोळ्यांची माणसं

तात्यांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. तिसरीत शाळा सुटली माझी, मला भाषण येत नाय. रडायचं ते घरी रडून झालंय. आत्ता अध्यक्षसाहेब म्हणाले, तात्यांनी स्टँडासमोर रस्त्यावर काढलेलं शेवटचं चित्र जपू, त्याला कठडा करू, वर पत्रा घालू. मी त्याच्यासाठीच उठलेय. कठडा नको.

का नको, ते ऐका.

तात्या मूळ पेणचे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. सगळी मूर्ती झाली की मग शेवटी डोळे. हात कापायला लागला, बारीक काम जमेना, तसे स्वतःच उठले आणि इकडे रोह्याला बहिणीकडे आले. रोज सकाळी खडू आणि गेरू घेऊन माझ्या भाजीच्या पाटीशेजारी बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं काढायचे, ही एवढी मोठी. कंडक्टरचं काढलं. नदीपलीकडच्या अष्टमी गावच्या हमीदचाचांचं काढलं, दाढीसकट. हुबेहूब. पण डोळ्यांच्या जागी नुसता रस्ता. लोक म्हणायचे, म्हातारा विसरला.

मी एकदा विचारलं. म्हणाले, "डोळे काढले की माणूस बघायला लागतो गो. मग त्याच्या तोंडावर पाय कसा द्यायचा? आणि रस्ता तर चालायलाच हाय."

मग ही रेवती आली ठाण्याहून, कॅमेरा घेऊन. पुढे बसलीय बघा. तात्यांवर दहा मिनिटांची फिल्म करायची म्हणाली. आठ दिवस माझ्या पाटीमागे उकिडवी बसली. गिऱ्हाइकं मला म्हणायची, "काय गो, पिक्चरवाली झालीस, आता मेथी महाग करशील." शूटिंगच्या शेवटच्या दिवशी तात्यांनी माझं तोंड काढायला घेतलं. आणि मी त्यांच्यामागे लागले. पिक्चरमध्ये मी आंधळी दिसू काय? काढा डोळे. रेवती नको म्हणत होती. मीच ऐकेना.

काढले त्यांनी. हात कापत होता, तरी काढले.

आणि मग उठेनात. एसटी आली, तात्या हात पसरून समोर. माणसं आली, "बाजूनं, बाजूनं." जेवले नायत. पाण्यालाही हलले नायत. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि म्हातारा माणूस उन्हात माझ्या दोन डोळ्यांची राखण करतोय. मी म्हटलं, "तात्या, उठा आता." म्हणाले, "कसा उठू? तू बघतेयस ना गो तिथनं."

शेवटी भाजीवर मारायच्या पाण्याची बादली उचलली आणि माझं तोंड मीच धुतलं. धुऊन झालं तेव्हा तात्या म्हणाले, "चहा सांग."

फिल्ममध्ये हे सगळं हाय. लोकांना तिथं हसू येतं. मला येत नाय. त्यांचा नेम मी मोडायला लावला आणि माफी मागायची राहून गेली. तात्या, आज मागते.

आणि तुम्ही कठडा बांधून परत तेच करताय. परवापासून बघतेय, त्या शेवटच्या चित्राला डोळे नायत, तरी सगळे त्याला वळसा घालून जातात, काहीजण चपला काढतात. त्यांनी कुणासाठी काढलं ते? म्हणून आज सकाळी मी डोक्यावर पाटी घेऊन सरळ त्याच्यावरून चालत आले. जड गेलं. पण आले.

आता एक मिनिट सगळे गप्प उभे राहू. मग ज्यांना गाडी पकडायचीय, त्यांनी सरळ जा.