ढवळ्याच्या शेपटीखालची नाडी

माझ्या बहिणीचं लग्न बैलाच्या शेपटीनं जमलं, हे तुमाला सांगितलं का कधी?

आमचा ढवळ्या तापानं बसून राह्यला होता. शहागडहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या अन् त्यांनी थेट शेपटीच उचलली. आमचे दादा, म्हंजे वडील, चिडले. "मॅडम, तिथं काय बघता?" बाईंनी दादांचीच दोन बोटं शेपटीच्या मुळाशी खालून दाबली. "काळीज रक्त ढकलतं, तेव्हा ही धमनी फुगते. लागलं बोटाला?" दादांनी बोटं काढलीच न्हाईत. जन्मभर बैल हाकले, पण बैलाचं काळीज हाताला आजच लागल्तं.

ढवळ्या उठला, दादांची सवय काही सुटली न्हाई. रोज सकाळी शेपटी धरून घड्याळ बघायचे. नेमके तवाच बहिणीला बघायला पाहुणे आले.

"दादा, पाहुणे!"

"थांब, मोजून राह्यलो."

मुलाचे वडील मिनिटभर गोठ्यात उभे राह्यले. मंग त्यांनीच विचारलं, "किती?"

"बावन्न. बराबर हाय."

"मंग आमची पसंती बिलकुल पक्की," ते म्हणाले. पोरगी अजून त्यांनी बघितलीबी नव्हती.

आता ढवळ्या न्हाई, गोठ्यात ट्रॅक्टर हाय. परवा दादांना दवाखान्यात ठेवल्तं. तेच व्याही आले, दादांचं मनगट धरून घड्याळ बघत बसले.

दादांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती?"

"बावन्न."

"मंग बराबर हाय," म्हणून दादा झोपले.

उशाच्या मशीनवर ठोके एकशे दहा दिसत होते.