कुंपणापलीकडचं विंग चुन

अगं, मी तशी कुणावरच पटकन विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच. लॉकडाऊनमध्ये आमचे शेजारी मिस्टर लाऊ कुंपणापलीकडून माझ्या ईराला विंग चुन, म्हणजे कुंग फूचा एक प्रकार, शिकवायला लागले. दिवसभर कोमेजलेली माझी पोर तेवढ्या वेळात खुलायची. पण एकदा ते म्हणाले, "आमची शाखा फारशी कुणाला माहीत नाही," आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. कुणालाच माहीत नसलेली शाखा नेमकी आमच्या क्लेटनसारख्या उपनगरात, आमच्याच शेजारी? पोरीचा हातबित मोडला म्हणजे?

मी किचनच्या खिडकीतून गुपचूप व्हिडिओ काढला आणि सिटीतल्या एका विंग चुनच्या मास्तरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हे विंग चुन नाहीच."

झालं! मास्क चढवून मी तरातरा कुंपणाशी गेले आणि ते उत्तर वाचूनच दाखवलं.

"मम्मा, दॅट्स सो रूड!" ईरा ओरडली.

मिस्टर लाऊंनी शांतपणे विचारलं, "ते कुठल्या शाखेचे?"

मी त्या मास्तरांच्या वेबसाइटवरचं शाखेचं नाव सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. "ते होय? त्यांना आम्ही विंग चुनमध्ये धरतच नाही."

माझ्या सासूबाई शास्त्रीय गातात. दुसऱ्या घराण्याचं नाव काढलं की त्यांचं नाक अगदी असंच मुरडतं. माझा संशय तिथल्या तिथे विरघळला.

ईराला म्हटलं, "उद्यापासून केस नीट बांधून येत जा सरांकडे."