कॅरमची पावडर

त्या रविवारी बाबांनी मटार सोलले आणि सोमवारी त्यांचं हृदय थांबलं. सगळे फोन दादानं केले. मला ते वाक्य उच्चारता येईना. महिन्याभरानं बोईसरच्या बस थांब्यावर माझ्यापुढे एका औषध कंपनीच्या गणवेशातले दोघं बोलत होते.

"औषधातला अमाइडचा जोड करायला महागडं रसायन लागलंच नाय. नुसतं बोरिक अ‍ॅसिड."

"म्हंजे कॅरमची पावडर?"

"तीच. उकळायचं, सुटलेलं पाणी काढत राहायचं."

"सावेसाहेब हेच सांगायचे."

"आनि आमी त्यांना स्ट्रायकर म्हणून चिडवायचो."

"रिटायर होऊन दोन वर्षं झाली. राग असंल अजून?"

"रविवारी पेढे घेऊन जाऊ. सांगू, क्वीन तुमचीच."

"घर ठाऊक हाय?"

"मी त्यांची मुलगी," मी म्हणाले. "बाबा गेले. तरी पेढे घेऊन या."