शनिवारी थांबलेली सुई

सन्माननीय अध्यक्ष पंजाबराव काका, मंचावरचे पाहुणे, समोर बसलेल्या माझ्या मायबहिणी, चहाच्या पातेल्याजवळ उभे राहून ऐकणारी पुरुष मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला जमलो पण द्यायचं मनात नाही, त्या आमच्या मोझेलबाई वाक्रुळकर, सर्वांना माझा नमस्कार.

मी वर्षा राठोड, तांड्यावरच्या महिला गटाची अध्यक्ष. आमच्या बायांना सुई जन्मापासून ठाऊक. कापड बेतायला आणि मशीन चालवायला बाईंनी शिकवलं. बाईंनी सकाळीच बजावलं, "वर्षा, माझी स्तुती करू नकोस." आता निरोप समारंभात स्तुती करायची नाही, तर काय भांडायचं? तसं माझं भांडण आहेच. बाई परवा ठाण्याला लेकीकडे चालल्या, कायमच्या.

नव्या मंडळींसाठी सांगते. बाई ज्यू आहेत, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या. त्यांचे यजमान अब्राहमसाहेब कोळसा खाणीत फोरमन होते. तेव्हा वणीत या समाजाची तीन घरं होती. तीन घरांना कोणी समाज म्हणतं का? ते म्हणायचे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बाई दिवे लावायच्या, सुई कापडात टोचून ठेवायच्या, आणि शनिवार मावळेपर्यंत कामाला हात लावायच्या नाहीत. मग आमच्या शिवणवर्गालाही शनिवारी सुट्टी. इतकी वर्षं हे चाललं, की तांड्यातही शनिवारी कोणी सुई हातात घेईना.

मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं. पोरं कडेवर घेऊन थंडीतून चालणाऱ्या बाया टीव्हीवर दिसायच्या. मुंबईतल्या त्यांच्या समाजाकडून निरोप आला, बेघर झालेल्यांसाठी पांघरुणं पाठवतोय. या तीन घरांनी ठरवलं, आपण गोधड्या द्यायच्या. कापड त्यांचं, कापूस त्यांचा, हात आमचे. पंजाबराव काका, तुम्ही तेव्हा विचारलं होतं, "बाई, तिकडं ब्लँकेटं भेटत नसन का? कायले एवढा खटाटोप?" आठवते?

बाई म्हणाल्या, "मिळत असतील. पण आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांच्या ओल्या अंगावर कुणीतरी आपल्या घरातलं पांघरूण टाकलंच असेल. म्हणून तर मी आहे." आणि काका, दुसऱ्या दिवशी घरातली जुनी लुगडी घेऊन तुम्हीच आलात, हेही सांगायला पाहिजे.

आता झालेला घोळ सांगते. माझ्या नवऱ्याचा, भारतचा, ट्रक रविवारी सकाळी मुंबईला निघणार होता. शुक्रवारी दिवे लागले तेव्हा पाच-सहा गोधड्या बाकी होत्या. बाईंनी सुई टोचून ठेवली. शनिवारी स्वतः शिवायचं नाही, आणि दुसऱ्याला सांगून करवूनही घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. पण आम्ही आपल्या मनाने आलो असतो तर? त्या आशेवर बाई दार उघडं ठेवून दिवसभर बसल्या.

आणि आम्ही? आम्ही तांड्यात हातावर हात धरून बसलो. मी निघाले तर माझी सासू बिजलीबाई आडवी आली. "बस खाली. बाईच्या कामाले शनवारी सुई लावाची नाही. तिले काय वाटन?"

रविवारी सकाळी पोचलो तर बाई दारातच उभ्या. "अगं, मी काल दार उघडं ठेवून बसले होते."

"अन् आमी तुमच्यासाठी घरात बसून राह्यलो, बाई," बिजलीबाई म्हणाली.

दोघी एकमेकींकडे पाहून हसत सुटल्या, आणि हसता हसता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्या शिवायला बसल्या. भारतने दुपारपर्यंत ट्रक थांबवला, पुढे त्याचाही नाइलाज होता. एक गोधडी अर्धीच राहिली. ट्रक गेल्यावर बाई म्हणाल्या, "एक घर पांघरुणावाचून राहिलं गं." नंतरही कितीदा म्हणाल्या. ती गोधडी त्यांनी कुणाला दिली नाही, पुरीही केली नाही. म्हणायच्या, "घर सोडून निघालेलं कुणी आलं की करू."

पुढे बाकीची दोन घरं वणी सोडून गेली. मग अब्राहमसाहेब गेले. त्यांची कबर इथेच आहे, नदीच्या रस्त्याला, लिंबाखाली. बाई, तिथला पाला आम्ही झाडू, ती काळजी करू नका. काळजी आमची करा. शुक्रवारी तुमच्या खिडकीत दिवा दिसला की आम्ही शिवण आवरायचो. आता काय पाहून आवरायचं? मला तर त्या खिडकीवरून जायचंच जिवावर येणार आहे. तुमच्या रीतीचं एकही घर आता वणीत उरणार नाही. पण तांड्यातल्या नव्या सुना विचारतात, "शनवारी काहून शिवत नाही?" तर बिजलीबाई सांगते, "आपली रीत हाय."

तर ती अर्धी गोधडी. वर्गाची पेटी बाईंनी परवा आमच्या स्वाधीन केली, तिच्यात ती निघाली. घर सोडून निघालेलं माणूस आज या मंचावर बसलं आहे. म्हणून ती बाईंनाच द्यायचं ठरलं. पुरी करून देणार होतो, पण पेटी उघडली शुक्रवारी दिवेलागणीला, आणि काल होता शनिवार. एक बाजू उघडीच आहे, सुई तशीच टोचलेली आहे. बाई, ठाण्याला एकट्या बसून ती पुरी करू नका. साहेबांना भेटायला याल तेव्हा घेऊन या, मिळून करू.

सभागृह उघडून देणाऱ्यांचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे आणि एवढा वेळ चहा गरम ठेवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. शुद्ध बोलायला गेले, मधेच तांड्याची बोली आली असेल. कमीजास्त बोलले असेन तर पदरात घ्या.

आणि बाई, याल तेव्हा शुक्रवारी दिवे लागायच्या आत पोचा. शनिवारी आमच्यात बसा. त्या दिवशी कोणी शिवणार नाही, गोधडी पुरी होणार नाही, आणि तुम्हाला पुन्हा यावं लागेल.