सांधा दिसला नाही

आमी उमरेडचे, घरी हातमाग. बाप लुगडे विणे. धागा तुटला का थुंकी लावून असा वळून सांधायचा का बोट फिरवलं तरी लागू नये. माहा सांधा पाहून बाप म्हणे, शाबास, दिसूनच नाही राहिला. त्या शाबासकीनंच माहा घात केला, काय सांगू तुमाले.

मंग मागाचं काम बसलं, मी नागपूरले आलो, विमानाचे भाग दुरुस्त करतात तिथं ड्रिलवर लागलो, कच्च्या नोकरीत. अल्युमिनियमचा पत्रा, त्याले काचेच्या धाग्याचं कापड, थरावर थर चिकटवलेलं. कापड म्हटल्यावर मी हसलोच, हे तर आपलंच काम! भोक पत्र्याकडून पाडायचं, अन् खालून कापडाले लाकडाचा ठोकळा घट्ट लावायचा, नाहीतर ड्रिल बाहेर निघतानी शेवटचे थर उचलते. माह्या टेबलावर नामदेव होता, कुहीचा, पक्क्या नोकरीतला. त्या दिवशी तो म्हणे, ठोकळा लाव गा. मी म्हटलं, काहून? धाग्यावर लहानपणापासून हात बसला हाय माहा. अन् ठोकळ्याबिगर तसंच ड्रिल दाबलं.

धागे फिसकारले. सांगायचं सोडून मी बापानं शिकवलं तेच केलं, धागे वळून बसवले, चिकटवण लावलं, घासून साफ. दिसूनच नाही राहिलं. पण लुगड्यात चालते ते विमानात नाही चालत, आतून थर सुटलेलेच होते.

तपासणीचे साहेब नाणं ठोकत आले, आतून थर सुटला असन तर आवाज बसका येते. टण टण टण, अन् माह्या भोकापाशी थप्प. म्हणे, माणसं बसतात विमानात, कोणाचं काम हाय हे? मी मान खाली घातली. नामदेवनं माह्याकडं पाहिलं, कच्चा माणूस उद्या घरी बसन हे त्याले समजे. म्हणे, माहं हाय साहेब. त्याचं ड्रिल काढून घेतलं, रिटायर होईपर्यंत तो घासलेटात पार्ट धूत राहिला. अन् मी, मी पक्का झालो, रोज त्याच्यासंग डबा खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. लाज वाटे, रोज वाटे.

मी रिटायर झालो, तवा माह्या निरोपाले तोच बोलाले उठला. म्हणे, याच्या हातचा सांधा कोणालेच कधी दिसला नाही. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. तो हसून नव्हता राहिला.

आता हुडकेश्वरले लेकीजवळ राहतो. नामदेव अजून येते, चहा पिते, देव त्याले सुखी ठेवो. तुमी लिहून राहिले ना, तर ते भोक माहं होतं एवढं ठळक लिवा. अन् पहिले त्यालेच वाचून दाखवा, माह्याच्यानं नाही होत.