दोन नाकांचा राजा

— आणि आधी तो हात खाली घे. खाली! इथे डोकं खाजवलं तरी बोली धरतात, कान कोरायला गेलास तर एखाद्या तांब्याच्या तुकड्याचा मालक होऊन बसशील. बसायचंय तर बस, नाहीतर पलीकडची अख्खी रांग रिकामी आहे, खुर्च्या काही मी विकत घेतलेल्या नाहीत. आणि ताई म्हणू नकोस. सहा वर्षांत एकदा म्हणाला नाहीस, आज काय अडलंय? सख्खा भाऊ शेजारी येऊन बसला म्हणून मी विरघळेन असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. मी इथे कामाला आलेय. आत्ता एकशे दोन नंबर चाललाय, माझा एकशे चौदा, मधे वेळ आहे म्हणून बोलतेय, एवढंच — आणि हळू बोलतेय, तो पुकारणारा चष्म्यावरून बघायला लागला की मला शाळेत असल्यासारखं होतं.

काय? मला कसं जमतं? म्हणजे काय, बाबांनी शिकवलं. तुला नाही शिकवलं, कारण तुला घेऊन यायची सोय नव्हती — खुर्चीत दोन मिनिटं बूड टेकत नव्हतं तुझं, भिंगरी म्हणायचे तुला, आठवतंय ना? मला आणायचे. याच हॉलमध्ये, भिंतीला तेव्हा हिरवा रंग होता. दुकानाला अर्धा दिवस कुलूप, घड्याळं दुरुस्त करायचं भिंग शर्टाच्या खिशात, आणि मी हाताशी. काल आला होतास का बघायला? आदल्या दिवशी सगळी नाणी टेबलावर मांडतात, हातात घेऊन बघू देतात. नव्हता आलास. मला ठाऊकच होतं. फोटो बघून आलायस. फोटो बघून नाणं घेणारा म्हणजे — जाऊ दे. कधीकाळी कुणी गळ्यात घालायला नाण्याला कडी जोडलेली असते, मग ती कापून जागा घासून सारखी करतात, फोटोत कळेल ते तुला? बोटाला कळतं. पण तुला काय सांगतेय मी.

नाही, सांगतेच. ऐक, फुकट ऐक. घरून निघताना आकडा कागदावर लिहायचा. इथे येऊन नाही, इथे आल्यावर माणूस माणसात राहत नाही. जास्तीत जास्त किती देणार ते ठरवायचं, त्यातून यांचं कमिशन वजा करायचं — हातोडा पडला की वर पाचवा हिस्सा हे लोक लावतात, नवीन माणूस हमखास तिथे आपटतो, घासाघीस करून घेतल्याच्या आनंदात असतो आणि काउंटरवर तोंड उतरतं. उरेल तो आकडा. चिठ्ठी घडी घालून खिशात. तिथवर हात वर, त्याच्या पुढे एक पैसा नाही, समोरचा कितीही हसू दे. बाबा कधी पुढे गेले नाहीत. एकदा नाही. चोवीस नाणी घेतली आयुष्यात, चोवीस खणांची ती लाकडी पेटी भरली, आणि एकाही नाण्याला जास्त पैसे दिले नाहीत त्यांनी. रविवारी पेटी उघडायचे, मला एकेक नाव विचारायचे, तू दारात उभा राहून बघायचास. ये म्हटलं तरी यायचा नाहीस.

म्हटलं होतं. मी म्हटलं होतं तुला. — बरं, एकदा म्हटलं असेन.

एकशे पाच. वेळ आहे अजून.

आता तूच सांग, ती पेटी तू एका दुपारी त्या व्यापाऱ्याच्या पुढ्यात रिकामी केलीस ना, तेव्हा काय वाटलं? कागदाच्या पुड्या बांधून चोवीसच्या चोवीस नेली त्याने. भाजी तोलतात तशी. लाकूड तेवढं ठेवलंस माझ्यासाठी, उपकार झाले! बाबा अजून जिवंत होते. आतल्या खोलीत पडून होता माणूस, श्वास चालू होता, आणि बाहेर त्यांची नाणी — हो, माहितीये मला नर्स ठेवली होतीस. रात्रीची. आणि दिवसाचीही, बरं. नर्सला पैसे लागतात, मी काही तान्ही नाही. पण मला विचारायचंस की नाही? बहीण म्हणून एक शब्द? — फोन. हो, केला होतास फोन. चार वेळा केलास. मी नाही उचलला. का उचलू? दुकान तुझ्या नावावर करून दिलं होतं त्यांनी, भिंग धरायला मी आणि दुकान तुला! बाबांचे शेवटचे आठ महिने मी पायरी चढले नाही त्या घराची, नाही चढले, आणि आता लोकांसमोर ते काढून तुला काय मिळणार आहे? तूच काढलंस. मी नाही काढलं.

काय म्हणालास?

दुकान आधीच औषधपाण्यात गेलं होतं? म्हणजे कधी? पेटीच्या आधी? — मला कुणी बोललं नाही. — बोलायला फोन उचलायला हवा, हो, ऐकलं, दोनदा सांगू नकोस.

एकशे सात.

तर ते असो. मी रडत नाही बसले. तुला कळायला हवं म्हणून सांगतेय. बाबांची वही होती माझ्याकडे, प्रत्येक नाण्याचं वजन, कुठे ओरखडा, कुठे अक्षर अर्धं उमटलंय, सगळं बारीक अक्षरात. तो व्यापारी एकदम विकत नाही, वर्षातून दोन लिलाव होतात, दर लिलावात एक-दोन सोडतो. दर वेळी मी येते, वहीशी ताडून बघते, आणि घेते. तेवीस झाली. तेवीस खण भरलेत. आज शेवटचं. दोन नाकांचा राजा. बघ, हसलास! टांकसाळीत ठसा दोनदा बसला आणि राजाला दोन नाकं आली, एकाच्या मागे एक, सर्दी झाली तर बिचाऱ्याला दोन रुमाल लागतील असं तूच म्हणाला होतास, बाबा केवढे हसले होते — हं. हसू नकोस. आपलं काही हसण्याचं नातं उरलेलं नाही.

कितीला घेतली? तुला काय करायचंय? — महाग. झालं समाधान? बाबांनी जे दिलं त्याच्या तिप्पट, चौपट. चिठ्ठी लिहून येते मी, दर वेळी लिहून येते, आणि दर वेळी चिठ्ठीच्या पुढे जाते. का माहितीये? ती पेन्सिल. ती बघ, पुकारणाऱ्याच्या डाव्या हाताला, करड्या स्वेटरातली बाई, पुढ्यात वही. ज्यांना यायचं नसतं ते आधी आपला आकडा लिहून देतात, ती त्यांच्या वतीने बोलते. तोंडाने नाही, पेन्सिल वर करते. कुणी समोर नसेल तर पहिल्या पुकाऱ्यालाच त्यांना मिळून जातं, समोर कुणी असेल तर लिहिलेला आकडा संपेपर्यंत पेन्सिल वर येत राहते. सहा वर्षं मी त्या पेन्सिलीशी भांडतेय. बाबांचं नाणं निघालं रे निघालं की वर. मी हात केला की वर. शेवटी थांबते, मला मिळतं, पण तोवर मी सोलून निघालेली असते. कोण आहे तो मेला, कुणाला माझ्या बाबांच्याच नाण्यांचा एवढा सोस आहे, किती वेळा विचारलं त्या बाईला. सांगत नाहीत. गुप्त असतं म्हणे. शिवणाची दोन मशिनं गेली माझी त्यात. तीन होती, आता एक आहे. हाताखालच्या दोघींना नाही म्हणावं लागलं. मुलीला सांगितलंय, डोळ्यांना झेपत नाही म्हणून काम कमी केलं. तू कुठे बोलू नकोस. आज पंचेचाळीस हजार लिहिलेत, ते उरलेलं मशिन विकलं तर येतील तेवढे — बघ, आकडा सांगून बसले. सांगायचा नसतो आकडा. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नसतो. एवढी वर्षं तोंडातून निघाला नाही आणि तुझ्यासमोर —

असा काय बघतोयस? पांढरा काय पडलास?

दाखव तो कॅटलॉग. सुरळी कसली करतोयस, दाखव म्हणते ना. — एकशे चौदाला गोल केलायस तू. आणि हा कसला कागद आत? पुड्या दिल्यास तेव्हाची यादी. चोवीस नावं. तेवीसवर काट.

नाही.

तू नाही. सांग, तू नाहीस म्हणून सांग. — लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू, तुला काय कळतंय वजनातलं न् ठशातलं, तू कशाला — माझ्यासाठी? परत द्यायला? देणार होतास! कधी? सगळी जमल्यावर? चोवीस पुड्या घेऊन दारात येणार होतास, आणि मी काय करायचं होतं, टाळ्या वाजवायच्या? अरे, एक तरी मिळालं का तुला? नाही ना? कशी मिळतील, समोर मी बसलेली! तुला वाटलं कुणी मोठा व्यापारी हरवतोय दर वेळी, मला वाटलं मलाच कुणी लुटतोय. दर वेळी तू आकडा वाढवून लिहिणार, दर वेळी मी त्याच्या वर एक पायरी चढणार. तीच माझी किंमत, सहा वर्षं, तुझा आकडा आणि वर एक पायरी. दोन मशिनं! तुझ्या चांगुलपणात माझी दोन मशिनं गेली! आज शेवटचं म्हणून आलास, तसा आधी एकदा येऊन बसला असतास इथे, एकदा, तर पहिल्या दिवशी दिसले असते मी तुला. पण तुला बसवत नाही ना खुर्चीत. आणि मी तरी — मी फोन उचलला असता तर. माहितीये. मी म्हणते ते, तू म्हणू नकोस.

एकशे दहा.

आज किती लिहिलेस? — खरं सांग. — दीड लाख? दीड लाख! डोकं फिरलंय का तुझं? त्या नाण्याला पन्नास कुणी देणार नाही. कुठून आणलेस? नको, सांगू नकोस, मला ऐकायचंच नाही. ऊठ, जा त्या बाईकडे, म्हणावं चिठ्ठी परत द्या. — नाही देणार. दहाच्या आत काढून घ्यायची असते, आता अकरा वाजून गेले, पहिला हातोडा पडला की वही बंद. बाबा असते तरी त्यांनाही दिली नसती. छान. फार छान. म्हणजे आता मी हात वर केला की पेन्सिल वर, परत हात की परत पेन्सिल, माझं मशिन संपेल तरी तिची शाई — शिसं, संपायचं नाही. माझ्या हाताने तुझे पैसे जाणार त्या व्यापाऱ्याच्या घशात. आणि हात केला नाही तर तुला मिळणार. स्वस्तात. बाबांना जमलं नसतं इतक्या स्वस्तात. अडाण्यासारखा दीड लाख लिहून आलास, आणि ते तुला विसातसुद्धा मिळेल, मी नुसती गप्प बसले तर.

शू. एकशे तेरा संपलं.

पाणी नकोय मला. समोर बघ. — ते आलं. ट्रेवर धरलंय त्या माणसाने. इथून नाक दिसत नाही, एकही. वीसपासून. पेन्सिल वर गेली. बघितलीस? ती तू आहेस. पुढच्या रांगेतला टकल्या, त्याने केला हात, बावीस. पेन्सिल. पंचवीस म्हणतोय टकल्या. जा रे बाबा, चहा पी, तुला काय करायचेत दोन नाकांचे राजे. पेन्सिल, सव्वीस. मान हलवतोय तो, नाही म्हणतोय. पुकारणारा माझ्याकडे बघतोय. सहा वर्षांत मला ओळखायला लागलाय तो, थांबलाय माझ्यासाठी. — कोपर सोड माझं. हात नाही करत आहे मी. सोड, हात मांडीखाली धरलाय, दिसत नाही का? — एक वार. दोन वार. अजून बघतोच आहे मेला इकडे.

गेलं.

सव्वीस. अरे, सव्वीस हजार! तेवीसातलं एक नाही मिळालं मला सव्वीसला. आता का रडतोयस, मिळालं ना? लोक बघतायत. पूस डोळे. — नाही. नको. मला देऊ नकोस. आज नाही, पोस्टाने नाही, मुलीच्या हाती नाही. तुला सव्वीसला पडलं ते, मला तुझ्या हातून घेणं फार महागात पडेल, तेवढं नाही माझ्याकडे. घरून काय लिहून आणलं होतं ते मला माहितीये. पुढेमागे असेल की नाही, ते मला विचारू नकोस. विचारलंस तर नाहीच म्हणेन.

ऊठ. काउंटरवर जा, बिल कर, पाचवा हिस्सा वर लागेल तो मोजून ठेव, जेवणाच्या सुट्टीला खिडकी बंद करतात ते. मी नाही येत. मी बसणार आहे इथे जरा. — आणि ते हातात देतील तेव्हा शर्टाला पुसू नकोस, चमकावं म्हणून घासू नकोस, चेहऱ्यावर बोट तर ठेवूच नकोस. कडेनं धर. असं नाही, अंगठा असा — कडेनं, अरे कडेनं! जा आता.