साक्षीचा खुंट

— सत्त्याऐंशी साल. ब्याऐंशी नव्हे, नव्वद नव्हे, सत्त्याऐंशी, आणि उन्हाळा संपत आलेला. तुमच्या दारातला खड्डा कधीचा म्हणून विचारलंस ना? मग मधे बोलू नकोस. तू एवढीशी होतीस, दोन वेण्या, काठावर उभी राहून माझ्या खोदाईच्या मशीनकडे बघून भोकाड पसरायचीस. आता तीच तू माझ्याकडे तळ्याचा अंदाज मागायला आलीस. बस. त्या खुर्चीवर नको, ती मुलाची, फिरते. फिरत्या खुर्चीवर बसलं की माणूस आकडेही फिरवतो. स्टुलावर बस. कागद दे इकडे. चष्मा — आहे, डोक्यावरच आहे, हसू नकोस.

हा आकार कसला म्हणायचा? चिखलात म्हैस बसून उठली की असा खड्डा पडतो. पोहायला शिकवणार आहेस ना तू त्यात? मग? पोरं काय या वळणावर लपाछपी खेळणार? सरळ चौकोन कर. वळणाला मशीन पुढं-मागं नाचवावं लागतं, आणि नाचाचे पैसे तासावर लागतात. कोपरे गोल कर हवे तर, तेवढी हौस चालेल. — हौस नाही म्हणतेस? गावातला तरणतलाव बंद पडला, पोटाचा प्रश्न आहे? ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे मला. म्हणून तर चौकोन म्हणतोय.

साठ फूट लांब, चाळीस रुंद, नऊ खोल. गुणाकार बरोबर आहे तुझा. पण कडा सरळ धरल्यास. मातीची कड सरळ उभी राहते कुठं? पाणी भरलं की आठ दिवसांत आत लोळण घेते. कडेला उतार द्यायचा, म्हणजे तळ लहान होतो — हां, तेवढी खोदाई कमी. खूश झालीस? इतक्यात नको होऊस. माती कुठं टाकणार? बघ. विसरलीस. सगळेच इथं विसरतात, तू काही पहिली नाहीस. खड्डा सगळ्यांना दिसतो, ढिगारा कुणाला दिसत नाही. आणि माती बाहेर आली की फुगते. शंभर घमेली खणलीस तर सव्वाशे बाहेर येतात. जमिनीखाली असते तोवर आवळून बसलेली असते, वर आली की हातपाय पसरते — लग्नघरच्या पाहुण्यासारखी. तिला हलवायला डंपर, डंपरला डिझेल, आणि ज्याच्या दारात टाकायची त्याची मनधरणी वेगळी. खर्च खड्ड्याचा नसतो पोरी, ढिगाऱ्याचा असतो.

तुझा बापही विसरला होता. खणून झालं, आणि मग डोक्याला हात लावून म्हणतो, आता ही माती? मी म्हटलं, माझ्या दारात टाक. ती बघ खिडकीतून — मुलानं डिझेलची टाकी ठेवलीय ना ज्या उंचवट्यावर, ती तुमची माती. तुमच्या अंगणाचा निम्मा भाग इथं माझ्या दारात येऊन बसलाय. मुलगा म्हणतो, सपाट करून टाकू. मी म्हटलं, हात लावशील तर याद राख. का म्हणजे? टाकी उंचावर लागते. डिझेल उतारानं येतं. दुसरं काय कारण असणार?

बरं, तुमचा खड्डा अर्धा तयार आहे हे खरं. गाळ भरलाय, झुडपं वाढलीत. गाळ काढायला दोन दिवस धर. वरची माती काळी, खाली मुरूम. पाणी धरायला मुरमावर चिकणमातीचा थर ठोकून बसवावा लागेल, तो कागदावर धरलेलाच नाहीस, लिही. लिही लिही, मी सांगतो आणि तू लिही. मुलाचा तासाचा दर त्याच्याकडून घे. त्यातला एक पैसा मी कमी करणार नाही. बापाचा मित्र म्हणून सवलत मागायला आली असशील तर दरवाजा उघडाच आहे. — नाही मागत? मग बरं. बापासारखीच ताठ आहेस.

आणि हे मधे काय गोल काढलंयस? बेट? (थांब, मला हसू दे.) बेट! आणि त्यावर हे काय — बाक? तिथं बसून पोरांवर नजर ठेवणार? अगं, तो मातीचा उंचवटा आहे ना खड्ड्याच्या मधोमध, त्याला तू इतकी वर्षं बेट समजत होतीस? तुझी आई त्यावर फुलझाडं लावायची, तेही बघितलंय मी. रस्त्यावरून. जाता-येता. मुद्दाम नाही.

तो खुंट आहे. साक्षीचा खुंट. आमच्या धंद्यात खड्डा खणताना मधे एक खांब मातीचाच सोडायचा, तसाच, न खणता, वरच्या गवतासकट. मूळ जमीन कुठवर होती, याची साक्ष. मग त्याच्या डोक्यापासून तळापर्यंत टेप सोडायचा, दोघांनी मिळून वाचायचा, आणि तेवढ्या खोदाईची मजुरी ठरायची. मजुरी हातात पडली की ज्यानं खणलं त्यानंच तो खुंट पाडायचा. त्याआधी नाही. मजुरी मिळेपर्यंत खुंटाला कुणी हात लावत नाही. म्हणजे तुमच्या दारात जो उभा आहे —

आता कळलं? तोंड मिटव, माशी जाईल.

नाही, पैशाची मजुरी नव्हती. पैसे होते कुणाकडे? तो पोहायला शिकवायचा, मी खणायचो. गाव त्याला बेडूक म्हणायचं आणि मला घूस. बेडूक आणि घूस, जिथं तिथं बरोबर. त्याला स्वतःचं तळं हवं होतं, आणि मला — मला काही नको होतं. त्यानंच टोमणा मारला होता, लेका, जन्मभर दुसऱ्यांची तळी खणतोस आणि गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाहीस. मग ठरलं. एक फूट खोदाईला एक धडा. तो मला पोहायला शिकवणार. — हसतेस? हस. ज्यानं या भागातली निम्मी तळी खणली, त्याला पोहता येत नाही, यात हसण्यासारखं आहेच. बाहेर बोललीस तर मात्र मुरमाला दुप्पट दर लावीन.

मी खणलं. टेप सोडला. मी म्हटलं नऊ, तो म्हणाला आठ. म्हणतो, घुशीनं खुंटाला टोपी घातली. टोपी म्हणजे खुंटाच्या डोक्यावरचं गवत गाडून वरून फूटभर माती थापायची, खोली वाढवून दाखवायची. चोर लोक करतात. मला म्हणाला तो! चेष्टेत म्हणाला असेल, त्याची सगळी भाषाच चेष्टेची, पण चार माणसं उभी होती काठावर. मी म्हटलं, नऊ धडे कबूल कर, मग खुंट पाडतो. तो म्हणाला, आठ. मी मशीन काढलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तरणतलावात पहिला धडा होता. — नाही, त्याचा काय संबंध? घाबरायला मी काय लहान होतो? मला अपमान लागला होता. अपमान. पाण्याचा काही प्रश्नच नव्हता.

मग काय, नाही बोललो. तोही हट्टी. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्यानं तळ्यात पाणी भरलं नाही आणि खुंट पाडला नाही. पाडता आला असता, कुदळीचे दोन घाव पुरले असते. चाळीस माणसांनी विचारलं असेल त्याला, मधे हे काय ठेवलंस म्हणून. पण हात लावला नाही. धंद्याचा नियम त्याचा नव्हता, माझा होता, तरी पाळला त्यानं. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा मी आलो होतो. मागं उभा होतो, तू बघितलं नसशील. — बघितलंस? मग बोलली का नाहीस?

काय म्हणतेस?

शेवटी शेवटी काय म्हणायचा? नीट सांग. पुटपुटू नकोस, कान गेलेत माझे. घुशीचं देणं राहिलंय — बरं. मग? घुशीचे धडे राहिलेत, तू दे. बरं. किती?

परत सांग.

नऊ म्हणाला? तू विचारलंस का आपणहून म्हणाला? आपणहून. आठ नाही? नीट आठव. नऊ.



पेन दे तुझं. माझं चालत नाही. हे बेट खोड. म्हणजे कागदावरचं, दारातलं आत्ता नको. खुंट उभाच ठेवून बाकीचं खणायचं, मुलाला मी सांगतो, वेड्यात काढील, काढू दे. गाळाचे दोन दिवस, उरलेली खोदाई, चिकणमाती, डंपरच्या खेपा. मुलाचा दर लावलास की बेरीज तुझी तू कर. पैसे घेणार आहे मी. हे नवं काम आहे. जुन्याची मजुरी वेगळी. धडे पहाटे. पोरं यायच्या आधी. कुणी बघता कामा नये. जा आता. स्टूल जागेवर ठेव.

*

— हात काढू नकोस. हात आहे ना पाठीखाली? आहे. बरं. थंड आहे पाणी. खणताना कधी कळत नाही एवढं थंड होईल म्हणून. पोट वर, मान सैल, ठाऊक आहे, आठ सकाळी हेच ऐकतोय. तुझा बाप असता तर आत्तापर्यंत दोनदा बुडवून काढलं असतं त्यानं, आणि वर हसला असता. तू मवाळ आहेस. त्या मानानं.

काल सून विचारत होती, पहाटे पहाटे जाता कुठं? म्हटलं, कामाची पाहणी. केस ओले कसे? म्हटलं, पाहणी नीट करतो मी.

आज नववा. मोजलेत मी. तू नाही मोजलेस? मग तू त्याचीच मुलगी. इथून खुंट किती लांब असेल? पंधरा हात? उताणाच जातो. पाय मारत. हसायचं नाही. बोलायचंही नाही, तू बोललीस की माझं लक्ष उडतं. काठावर कुणी आहे का बघ. कुणी नाही? बघितलंस नीट?

सोड.

सोड म्हटलं ना.

— आं. — गेलं नाकात. — येऊ नकोस! तिथंच थांब. आलोच. — हा. हा बघ. धरला. मऊ झालाय पाण्यानं, नखानं निघतोय. वर अजून गवत आहे, बघ, मूळचं. टोपी नव्हती गं. बाजूला हो, चिखल उडेल. जोर लावतो.

पडला.

फिटलं.